कोपऱ्यातला केक

बायको जाऊन नऊ दिवस झाले आणि सहा वर्षांची आमची चिमणी अन्नाला शिवायला तयार नाही. एकच हट्ट, "आई आणायची तो केक हवा." तिची आई ज्या बेकरीत अकरा वर्षं कामाला होती, तिथूनच मी रोज वेगळा केक नेत होतो आणि ती एक घास घेऊन बशी सरकवत होती.

आज मेटाकुटीला येऊन तिलाच बेकरीत घेऊन आलो. चॉकलेटचा, बदामाचा, संत्र्याचा, मग पफ, चीज रोल, कोल्ड कॉफी. टेबलावर बोट ठेवायला जागा उरली नाही.

"हा आईचा नाही, बाबा."

"अगं, मग आईचा होता तरी कसा?" मी इतक्या जोरात ओरडलो, की भट्टीवरच्या मावशी हात पुसत बाहेर आल्या.

"थोडा कडू," चिमणी हुंदके देत म्हणाली.

मावशी मटकन खुर्चीत बसल्या. "अहो, तो काउंटरवर कुठून मिळणार? जुन्या भट्टीत कोपऱ्यातले केक खालून करपायचे. आम्ही टाकून द्यायला निघालो, की ती म्हणायची, 'द्या इकडे, माझी लेक आवडीने खाते.' आता परवाच नवी भट्टी आली. काही म्हणता काही करपत नाही."



मग मावशींनी काचेमागचा सगळ्यात देखणा केक उचलून परत भट्टीत सरकवला, आणि तो करपायची वाट बघत तिथेच उभ्या राहिल्या.