शंभराव्या दिवसाचा रिपोर्ट

शालूचा रक्ताचा कॅन्सर औषधांना दाद देत नव्हता. पूर्ण जुळणारा दाता मिळेना, तेव्हा निम्म्याच जुळणाऱ्या भावानं, भारतनं, तिला आपल्या मूळपेशी दिल्या. फुलंब्रीची मेंढरं चुलत्याच्या हवाली करून तो आई आणि बहिणीसोबत सिडकोतल्या भाड्याच्या खोलीत राहिला.

मूळपेशी दिल्यापासून शंभराव्या दिवशी रिपोर्ट बघून डॉक्टर हसले. "भारत, हिच्या अंगातलं सगळं रक्त आता तुझं आहे."

आई, बानाबाई, रडली. भारतनं मात्र नकळत आपलंच मनगट दाबून पाहिलं.

बाहेर आल्यावर सिस्टरनं पुकारलं, "भारत कोण?"

"मी," शालू म्हणाली आणि उठून उभी राहिली.

"औषधानं डोकं जड झालंय तिचं," आई म्हणाली. पण रिक्षात आईनं भारतला हाक मारली, तेव्हाही शालूनंच ओ दिली. तिच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

खोलीपाशी उतरून भारत कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गोळ्या आणायला गेला. दहा मिनिटांत परत येऊन त्यानं कडी वाजवली.

आईनं दार अर्धवट उघडलं. त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि परक्यापुढं घेते तसा पदर डोक्यावर घेतला.

"कोण पायजे तुम्हाला?"

"आई, मी भारत."

तिनं मागं वळून पाहिलं. आत शालू मान खाली घालून भाकर मोडत होती.

"माझा भारत तर जेवाया बसलाय," ती म्हणाली आणि तिनं दार हळूच लोटून घेतलं.