फरीदूनची आई

फरीदून छापखान्यातून पुस्तकांचा गठ्ठा घेऊन आला, तेव्हा नेकबख्त भाताला दम देत होती. ती चूल तशीच सोडून आली. हात दोनदा पुसले, मग वरचं पुस्तक उचललं. मुलांसाठी गोष्टी होत्या. लग्नघरातली मेंदी, नवरोजला भिजवलेला सात तऱ्हांचा मेवा, गावात शिरलेला लांडगा. सगळ्या तिनं सांगितलेल्या, लेकीनं, शकेबानं, लिहून घेतलेल्या.

नेकबख्तला वाचता येत नव्हतं. बायकांच्या वर्गाला ती अकरा दिवस गेली, मग वर्गच बंद झाला. तेवढ्यात एक शब्द मात्र पक्का झाला होता, स्वतःचं नाव. तिनं मुखपृष्ठावर बोट फिरवलं, उजवीकडून डावीकडे. मग पहिलं पान, दुसरं, चित्रांखालच्या ओळी. मलपृष्ठसुद्धा.

शकेबानं तोवर दुसरी प्रत उघडली होती. तिचा चेहरा उतरला.

"मी तर नाव लिहून दिलं होतं, दादा."

दिलं होतंस, फरीदून म्हणाला, पण तिथं चार परके पुरुष बसले होते. त्यातल्या एकानं मोठ्यानं विचारलं, या बाईंचं नाव काय लिहिलंय, अक्षर लागत नाही. आपल्यात घरच्या बाईचं नाव परक्यांपुढे कुणी घेतं का? आता आईचं नाव सगळ्यांदेखत तोंडानं घ्यायचं? उद्या चहाच्या दुकानात त्याच नावानं टिंगल झाली असती. म्हणून फरीदूननं ते तिथंच खोडलं आणि दुसरं घातलं.

"काढून नाही टाकलं काही. 'फरीदूनची आई' असं छापलंय, चांगलं ठळक. अख्खी गल्ली तुला तसंच ओळखते ना, आई?"

"गल्ली ओळखते," नेकबख्त म्हणाली. "पण मला ते नाव वाचता येत नाही."

मग फरीदूनची सात वर्षांची यल्दा आजीला येऊन चिकटली. लांडग्याची सांग म्हणाली, ओरडून दाखवतेस तशी.

नेकबख्तनं पुस्तक मिटून मुलाच्या मांडीवर ठेवलं.

"बापाकडून ऐक. नाव त्याचं आहे."

ती भाताकडे गेली. फरीदूननं घसा साफ केला आणि वाचायला लागला, भरभर, सरकारी कागद वाचावा तसा. लांडगा आला तिथं त्यानं 'लांडगा ओरडला' एवढं वाचलं, आणि पान उलटलं.