मल्हारची सर्दी

डॉ. दातारांनी दीड वर्षाच्या ओवीचा कान तपासला. "पडदा स्वच्छ आहे. लशीतून कानात सोडलेल्या राखण्या विषाणूने सर्दी आत उतरू दिली नाही. सर्दी कुणाची लागली?"

"पाळणाघरातल्या मल्हारची. महिना झाला, जातच नाही," ओवीची आई रेवती म्हणाली. मल्हार गेल्या महिन्यात तापाने गेला होता.

"मग सर्दीबरोबर त्याचा राखण्याही हिच्या कानात आलाय. राखण्या ज्याच्या कानात असतो, त्याने ऐकलेले आवाज साठवतो. राहू दिला, तर ही मल्हारच्या आईलाच आई समजेल. थेंब घालून मारून टाकू."

मल्हारची आई सुजाता शेजारीच बसली होती. मल्हारच्या सर्दीबद्दल डॉक्टरांना सांगायला रेवतीनेच तिला बोलावलं होतं.

"त्याआधी एकदा घेऊ का गं हिला?"

रेवतीने ओवीला तिच्या मांडीवर दिलं. मल्हारला आंघोळीनंतर घालायची, तशी सुजाताने ओवीच्या कानात फुंकर घातली. "झालं हं, लबाडा."

ओवीने आपणहून दुसरा कान पुढे केला. रेवतीने तिला कधीच फुंकर घातली नव्हती. मग ओवी सुजाताच्या गळ्याला बिलगली. रेवतीने हात पुढे केले, तरी येईना.

डॉक्टरांनी बाटली उघडली. ओवी हलू नये म्हणून तिचं डोकं सुजातानेच धरलं.

"जरा कोमट करून घाला," ती म्हणाली. "गार थेंबांना घाबरतो तो."