आधी रंग, मग अंघोळ

“वय झालं होतं. सुटला म्हणायचं,” अण्णासाहेब म्हणाले आणि जमलेल्या बायकांनी माना डोलावल्या.

चिखलीतल्या त्या गल्लीत नवनाथला दारातच चटईवर ठेवलं होतं. पहाटे छातीत कळ आली आणि दवाखाना गाठायच्या आत सगळं आटोपलं. डोक्यावरचे केस पांढरेधोप होते. येणारा प्रत्येक जण आधी ते केस बघायचा आणि मग जरा सैल व्हायचा. दुःख निम्मं करून घ्यायची ती आयती सोय होती.

“साठी कधीच ओलांडली असंल,” मागच्या इमारतीतली रंभाबाई म्हणाली.

“एकोणपन्नास,” नवनाथची बायको मंजुळा म्हणाली.

कुणी ऐकलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं. रंभाबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. “असू दे बाई. आता काय मोजत बसायचं.”

मंजुळा उठली. लेकीला, दिव्याला, तिनं कोपऱ्यावरच्या सलूनमधून तौफिकला बोलवायला पाठवलं.

तौफिक वस्तरा घेऊन आला. मयताच्या घरी न्हाव्याला दुसऱ्या कशासाठी बोलावतात?

“मुंडण कुणाचं, भाभी?”

“मुंडण न्हाई.” तिनं कपाटातून रंगाचं पाकीट आणून त्याच्या हातात ठेवलं. “ह्यांचे केस काळे करायचेत.”

गल्लीनं एकमेकांकडे पाहिलं. बोलायची जबाबदारी अर्थातच अण्णासाहेबांवर आली. त्यांना मयतीचा अनुभव दांडगा. गल्लीतलं एकही माणूस त्यांच्या सूचनांशिवाय वर गेलेलं नव्हतं.

“अहो मंजुळाबाई, मेलेल्या माणसाला कसला रंग?”

“केस मेलेलेच असतात, अण्णा,” तौफिक पाकीट फोडत म्हणाला. “जित्या माणसाचेसुद्धा.”

अण्णासाहेबांचा हात मिशीकडे गेला. ती दर पंधरवड्याला तौफिककडेच काळी व्हायची. त्यांनी विषय बदलला. “बरं, पाणी तापलंय. निदान अंघोळ तरी उरकून घेऊ.”

“आधी रंग, मग अंघोळ. धुतलेल्या डोक्यावर रंग नीट धरत नाही. गिऱ्हाइकाला मी सांगतोच, आदल्या दिवशी डोकं धुऊ नका, कपाळाला व्हॅसलीन लावा, जुना शर्ट घालून या...”

सगळ्यांनी नवनाथवरच्या कोऱ्या कापडाकडे पाहिलं. दिव्यानं आतून वडिलांचा कंपनीतला जुना शर्ट आणला आणि मानेखाली पसरला.

शववाहिकेचा ड्रायव्हर जयसिंग घड्याळ बघत पुढं आला. “किती टाइम लागंल? मला भोसरीत अजून एक उचलायचीय.”

“जित्या माणसाला अर्धा तास.”

“आणि ह्यांना?”

तौफिकनं नवनाथच्या टाळूला हात लावून पाहिला. “रंगाला डोक्याची ऊब लागते, भाऊ. ती कुठून आणू?”

रंग लावून झाला तशी मंजुळानं किराणाची प्लास्टिकची पिशवी नवनाथच्या डोक्याला गुंडाळली. अंघोळीच्या पाण्यात टॉवेल बुडवला, पिळला, पिशवीवर ठेवला आणि वरून दोन्ही तळवे दाबून बसली. टॉवेल निवला की पुन्हा बुडवायची. तळवे लाल झाले.

रंग चढायची वाट बघणारी मयत गल्लीनं पहिल्यांदाच पाहिली. पुरुषांनी मोबाइल काढले. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेले पाहुणे तेवढ्यात येऊन पोचले, ही अण्णासाहेबांनी रंगाची जमेची बाजू धरली. जयसिंगनं भोसरीला फोन करून सांगितलं की इथलं माणूस अजून तयार होतंय.

अर्धा तास उलटला. तौफिकनं कानशिलाजवळ बोटानं पुसून पाहिलं आणि मान हलवली. अजून नाही. मंजुळानं पुन्हा टॉवेल बुडवला.

मग अंघोळ झाली. काळं पाणी गल्लीतून गटाराकडे निघालं, तशा लोकांनी चपला बाजूला ओढल्या. तौफिकनं केस पुसले, कंगव्यानं डावीकडे भांग पाडला आणि मागं सरकला.

काळ्या केसांखाली चेहराही निराळा दिसायला लागला. पोरगेला.

“अगं बाई,” रंभाबाई म्हणाली, “हा तर माझ्या धाकट्या दिराएवढा.” आणि तिला एकदम रडू फुटलं. सकाळपासून त्या दारात पहिल्यांदाच कुणी मोठ्यानं रडलं. मग बाकीच्या बायकाही रडायला लागल्या.

तेवढ्यात रणजीत हार घेऊन आला. नवनाथ चाकणला ज्या कंपनीत ठेक्यावर कामाला होता, तिथला हा सुपरवायझर. सकाळी गेटवर उभं राहून आत कुणाला घ्यायचं ते ठरवायचं, हे त्याचं काम. हार घालून तो वाकला तो तसाच राहिला. त्याची नजर केसांवर होती. ती सवयीची नजर होती, त्यात त्याचा दोष नव्हता.

“वहिनी,” तो खालच्या आवाजात म्हणाला, “दिवाळीनंतर मीच ह्याला गेटवरून परत पाठवला. पिकल्या डोक्याची माणसं घ्यायची नाहीत, अशी वरून ऑर्डर होती. मी म्हणालो होतो, नवनाथ, रंग लावून ये, लगेच आत घेतो. एवढा चांगला बसतो की रंग! तेव्हा का नाही लावला?”

मंजुळानं नवनाथच्या कपाळावर राहिलेला एक काळा डाग पदरानं पुसला.

“लावला की तोंड सुजायचं, साहेब. डोळेसुद्धा उघडायचे न्हाईत,” ती म्हणाली. “आता काय होत न्हाई.”