टाकी भरेपर्यंत

"टाकी भरत आली की हाक मार गं," असं खालून ओरडून सांगत सासूबाईंनी, लक्ष्मीबाईंनी, मोटरचं बटण दाबलं.

दीपमाला गच्चीवर टाकीच्या सावलीत बसली. आज आठव्या दिवशी नळाला पाणी आलं होतं. हौदातलं पाणी वर चढवून टाकी भरायला वीस मिनिटं लागायची. तेवढी वीस मिनिटं तिची होती.

पहाटे चारला उठून, शेंद्र्याच्या कारखान्यात पहिली पाळी करून ती तासाभरापूर्वी मुकुंदवाडीला उतरली होती. पाय ठणकत होते. डोळे मिटले तर बसल्या जागी झोप लागेल, म्हणून तिनं घाईघाईनं वही उघडली. रोज एक पान लिहायचंच, असं तिनं ठरवलं होतं. काल अर्धं झालं. परवा चार ओळी.

गोष्टीतली बाई तीन दिवसांपासून बसस्टँडवर पिशवी घेऊन उभी होती. तिला गाडीत बसवताही येईना आणि घरी परत पाठवताही येईना. दीपमालानं एक ओळ लिहिली, खोडली. पाच वाजता श्रेयाला शिकवणीहून आणायचं होतं. दळण टाकायचं होतं. युनिफॉर्म भिजवायचा होता. तिनं तीच ओळ पुन्हा लिहिली, पुन्हा खोडली. आणि मग एकदम त्या बाईनं पिशवी खाली ठेवली, शेजारी बसलेल्या म्हातारीला काहीतरी विचारलं, आणि पेन पळत सुटलं.

"दीपमाला! अगं ए दीपमाला! पाणी!"

गल्लीतल्या शेवटच्या घरातल्या वच्छलाबाई रस्त्यात उभ्या राहून ओरडत होत्या. "आमच्याकडं घागर भरंना, अन् तुमच्या भिंतीवरून ओढा वाहायलाय!"

ती धडपडत उठली. टाकीच्या पलीकडच्या बाजूनं पाणी बदाबदा सांडत होतं. अर्धी गच्ची ओली झाली होती आणि जिन्यात पाण्याची धार लागली होती. तिनं हाक मारायच्या आतच खाली मोटर बंद झाली.

थोड्या वेळानं एकेका पायरीवर थांबत, गुडघ्यावर हात देत लक्ष्मीबाई वर आल्या. आधी त्यांनी पाण्याकडं पाहिलं, मग दीपमालाच्या हातातल्या वहीकडं.

"अभ्यास करायलीस व्हय," त्या म्हणाल्या. आवाजातला राग निम्मा उतरला होता. कठड्याशी जाऊन त्यांनी खाली ओरडून सांगितलं, "वच्छलाबाई, सुनेची परीक्षा हाय! ध्यान नाय राहिलं लेकराचं!"

'लेकराचं' हा शब्द दीपमालाला ऐकवला नाही.

"आत्या, परीक्षा नाहीये."

"काय?"

"सुपरवायझरची परीक्षा. ती नाहीच. कधीच नव्हती. मी गोष्ट लिहिते."

लक्ष्मीबाई तिच्याकडं बघतच राहिल्या. दोन महिने पहाटेच्या भाकरी त्या थापत होत्या. श्रेयाच्या वेण्या त्याच घालत होत्या. करमाडच्या भावाला फोन करून त्यांनी सांगितलं होतं, आमची सून सायब होणार.

"कसली गोष्ट?"

"एका बाईची."

"कुणी सांगितली लिहायला?"

"कुणीच नाही."

"मग?"

दीपमालानं वही बंद केली, पुन्हा उघडली, पुन्हा बंद केली.

"खोटं कशाला बोललीस माझ्याशी?"

"परीक्षा म्हटलं तर तुम्ही बसू दिलंत. गोष्ट लिहिते म्हटलं असतं, तर दिलं असतं?"

लक्ष्मीबाईंनी भिजलेला पदर सावकाश पिळला. टाकीच्या काठावरून अजून एक-एक थेंब पडत होता.

"परीक्षा एक दिस सरती," त्या शेवटी म्हणाल्या. "हे कधी सरायचं?"

"हे नाही सरत, आत्या."

"उद्यापासून भाकरी तू थाप."

"हो."

"लिहायचं तर लिही. पर माझ्या गुडघ्यावर नको."

दीपमालानं मान हलवली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं नाही. उलट छातीतून काहीतरी जड उचलून बाजूला ठेवल्यासारखं झालं, आणि लगेच उद्याचा हिशेब डोक्यात सुरू झाला: चारला उठून भागायचं नाही, साडेतीनला उठावं लागेल.

"आधी वच्छलाबाईला चार घागरी नेऊन दे," असं म्हणत लक्ष्मीबाई जिन्याकडं वळल्या. पहिल्या पायरीवर त्यांचा पाय जरा सरकला. त्यांनी मागं हात केला. "धर मला. ओलं हाय."

दीपमालानं एक हात दिला.

"ती वही ठेव की. दोन्ही हातांनी धर."

तिनं वही काखेत दाबली आणि दोन्ही हातांनी त्यांचा दंड धरला. दोघी एकेक पायरी उतरू लागल्या. चौथ्या पायरीवर तिला पुढचं वाक्य सुचलं. पूर्ण, जसंच्या तसं. हात मोकळा नव्हता. ते निसटू नये म्हणून ती ओठातल्या ओठात म्हणत राहिली.

"काय पुटपुटायलीस?"

"पुढचं वाक्य आहे. खाली जाईपर्यंत विसरून जाईन."

लक्ष्मीबाई थांबल्या. खाली रस्त्यावर वच्छलाबाई अजून काहीतरी बोलत होत्या.

"मग मोठ्यानं म्हण," त्या म्हणाल्या, आणि पाय पुढं टाकायच्या आधी त्यांनी तिचा हात घट्ट पकडला. "पर पायरी बघून."