एकही नापास नाही

"आमच्याकडे एकही नापास नाही," काउंटरमागची बाई म्हणाली.

"मग इथे नको," मास्तर म्हणाले आणि छत्री उचलून चालू लागले.

काचेपलीकडे सराव परीक्षा चालली होती. पोरं माना खाली घालून उत्तरपत्रिकेतले गोल भराभर काळे करत होती. नातीने त्यांच्याकडे हेव्याने पाहिलं आणि ती आजोबांच्या मागे जिना उतरली.

"लोक नापासांचे क्लास टाळतात, तुम्ही पासांचे टाळताय! तुमच्या शिकवणीत तरी कोण नापास झालं होतं? सगळ्या गल्लीला ऐकवायचात."

"ऐकवायचो खरा," मास्तर म्हणाले.

ते खोटं नव्हतं. घराच्या मागच्या खोलीत मास्तरांनी उभं आयुष्य शिकवणी घेतली आणि त्यांच्या हाताखालून गेलेला एकही पोरगा परीक्षेत आपटला नाही. त्यात त्यांचा स्वतःचा मुलगाही आला, शाळेपासून वैमानिकाच्या लेखी परीक्षेपर्यंत. कशालाही चाल लावायची त्यांची हातोटी होती. सुनेच्या औषधांनासुद्धा त्यांनी सोडलं नव्हतं: 'पांढरी गोळी जेवणानंतर, पिवळी घ्यावी उठल्याबरोबर.' सून हसून म्हणायची, ताप परवडला पण चाल आवरा.

मग मुलाचं विमान दलदलीत कोसळलं. तो सहवैमानिक होता, नात तेव्हा नुकती चालायला लागली होती. त्याच वर्षी मास्तरांनी शिकवणी बंद केली आणि चाली लावणंही. का, ते कुणी विचारलं नाही. कारण सगळ्यांना ठाऊकच होतं, निदान तसं वाटत होतं. कॉकपिटमधला शेवटचा आवाज ऐकायला चौकशीवाल्यांनी घरच्यांना बोलावलं, तेव्हा सुनेला ते जमेना. मास्तर एकटे गेले. परत येऊन म्हणाले, "नुसता गोंगाट आहे. काही कळण्यासारखं नाही."

आता नातीला विमान चालवायचं होतं. त्याआधी लेखी परीक्षांचा डोंगर आणि डोंगर चढायचा तर क्लास हवा. सुनेने आधी आकांडतांडव केलं, मग अन्नपाणी सोडलं आणि शेवटी एका अटीवर नमतं घेतलं.

"क्लास मामंजी निवडतील," ती म्हणाली. "शिकवण्यातलं त्यांना कळतं. मामंजी, एक गेला. हिला तरी नीट शिकवणारं बघा."

तेव्हापासून मास्तर प्रत्येक क्लासच्या मागच्या बाकावर बसून एकच प्रश्न विचारत होते. चढाईत वेगाचा काटा अचानक वर जायला लागला तर काय करायचं? एका क्लासच्या सरांनी हसून सांगितलं, "काका, अशा प्रश्नात सगळ्यात लांबलचक उत्तर बरोबर असतं." वर्ग खदखदून हसला. मास्तरांनी छत्री उचलली.

शेवटचा क्लास शिलाई यंत्रांच्या दुकानावर होता. फळा जुना, बाकं डगमगती. शिकवणाऱ्या बाई आधी अपघातांच्या चौकशी खात्यात होत्या. त्यांनी मास्तरांकडे दोनदा पाहिलं.

"तुम्हाला कुठेतरी पाहिलंय."

"मास्तरांचे चेहरे इथूनतिथून सारखेच," मास्तर म्हणाले.

"काय शिकवायचात?"

"पोरांना पास करायचो."

बाई हसल्या. मग मास्तरांनी तो प्रश्न विचारला आणि बाईंचं हसू मावळलं.

"आधी काट्यावर संशय घ्यायचा," त्या म्हणाल्या. त्यांनी एक नळी वर धरली आणि तिची भोकं बोटांनी दाबली. "वेग मोजणाऱ्या नळीत बर्फ बसला की हवा आत अडकते. वर जावं तशी बाहेरची हवा विरळ होते, आतली तशीच राहते. काट्याला वाटतं, वेग वाढला. काटा खोटं बोलतो आणि तुम्ही वेग कमी करायला विमानाचं नाक आणखी वर करता. खरा वेग संपतो आणि विमान दगडासारखं खाली येतं. दलदलीत पडलेलं ते विमान असंच गेलं."

मास्तरांनी छत्रीची मूठ घट्ट धरली. त्यांना हाच क्लास हवा होता. इथे शिकली तर नात वाचेल, एवढं त्यांना कळलं होतं.

"त्या विमानात माझे बाबा होते," नात म्हणाली. "सहवैमानिक."

बाईंनी नळी खाली ठेवली.

"माफ कर, बाळ. मला माहीत नव्हतं."

"शेवटी ते काय बोलले? घरी म्हणतात, नुसता गोंगाट होता."

"गोंगाट? छे. आवाज स्वच्छ होता." बाई तिच्या बाकाजवळ आल्या. "खरंच ऐकायचंय?"

नातीने मान डोलावली.

"नाक खाली घ्या, असं कॅप्टन ओरडत होते. तुझे बाबा घाबरले होते. शाळेतल्या पोरासारखं एकच घोकत होते, 'काटा वर, नाक वर. काटा वर, नाक वर.' आणि नाक वर ओढत होते."

"म्हणजे काय ते?"

"परीक्षेची युक्ती. वेग वाढला म्हटलं की नाक वर करायचं उत्तर निवडायचं. कागदावर बहुतेकदा मार्क मिळतात." बाईंचा आवाज कडवट झाला. "चाल लावून कुणीतरी पोरांच्या डोक्यात भरली होती. कुणी, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. पुढेही एक ओळ असणार, पण आवाज तिथेच तुटला."

नातीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. आधाराला आजोबांचा हात हवा म्हणून ती मागे वळली.

मास्तर उभे होते. छत्री हातातून गळून पडली होती.

"डोळे मिटून गोल भर," मास्तर चालीत म्हणाले.