तळपायाची परीक्षा

"हो," डोळे मिटूनच बाई म्हणाल्या.

आपल्या शिवणखान्याच्या आतल्या खोलीत, कटिंगच्या टेबलावर पाय लांब करून त्या बसल्या होत्या. समोर स्टुलावर त्यांची सून. ती दवाखान्यात नर्स होती, मधुमेहाच्या रुग्णांचे पाय बधिर झालेत का ते तपासायची. तिच्या हातात नायलॉनचा केसाएवढा दोरा. तो तळपायाला टेकला की बाईंनी हो म्हणायचं, एवढंच.

"याला नोकरी म्हणतेस तू? गुदगुल्या करायचा पगार," बाई म्हणाल्या. दाराबाहेर मशिनींवरच्या बायका फिदीफिदी हसल्या.

महिनाभर घरात हाच वाद चालला होता. शिवणखान्यातल्या निम्म्या बायकांना शुगर, खुद्द बाईंना तर कितीतरी वर्षांची. सुनेचं म्हणणं, वर्षातून एकदा सगळ्यांचे पाय तपासू या. बाईंचं म्हणणं, शाळा उघडायच्या तोंडावर गणवेश सोडून अर्धा दिवस मशिनी बंद ठेवायला आपल्याला वेड लागलेलं नाही.

"पाय गेला तर मशीन कायमची बंद, आई," सून म्हणायची. "त्यापेक्षा अर्धा दिवस स्वस्त."

शेवटी ठरलं, बाई पास झाल्या तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.

"हो." "हो." "हो."

याच पायांनी जन्मभर पायडल मारलं, मुलगा शिकवला, हे दुकान उभं केलं. या पायांना काय धाड भरलीय?

"हो."

एकही चुकलं नव्हतं. बाईंनी ऐटीत डोळे उघडले.

स्टूल रिकामं होतं. सून खिडकीपाशी उभी होती. दोरा तिच्या हातातच होता.

"शेवटी शेवटी मी लावतच नव्हते, आई," ती हळूच म्हणाली. "मी एका लयीत लावत गेले आणि तुम्ही ठेका धरलात. पायडलचा. मला शंका आली, म्हणून उठले."

बाहेरचं हसणं थांबलं. बाई स्वतःच्या पायांकडे बघत राहिल्या, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.

"जखम व्हायच्या आत कळलंय," सून म्हणाली. "हे पाय मी जाऊ देणार नाही."

सुनेनं पुढे केलेल्या चपला घालून बाई दारात आल्या.

"मशिनी बंद करा गं. शुगरवाल्या सगळ्या एकेक करून आत या."

"आणि गणवेश, बाई?"

"शाळेचं मी बघते." मग मान ताठ करून त्या म्हणाल्या, "आणि आत माझ्यासारखी हुशारी करू नका. माझी सून आहे ती. पकडते."